शून्य जे शून्य नव्हे : व्हिडिओचित्रणाच्या परिभाषेची उलटतपासणी

भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या विद्यार्थ्याने गुरुत्वत्वरणाचे उत्तर नुसते '९.८' असे लिहिले, तर आपण अर्धा गुण कापतो. एककाशिवाय अंकाला अर्थ नाही, हे विज्ञानाच्या पहिल्या धड्यातच शिकवले जाते. हाच न्याय व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्याच्या खोक्यावरील मजकुराला लावून पाहा. '४के, १० बिट, ४:२:२, १ इंची सेन्सर, १४ स्टॉप, रॉ' अशी एक ओळ तेथे असते. एककासारखे दिसणारे शब्द त्यात तीनच : बिट, इंच आणि स्टॉप. त्यांपैकी इंच हा इंच नाही. '४के'मधला 'के' कशाचे माप आहे हे खोके सांगत नाही आणि '४:२:२' हे गुणोत्तर कशाचे कशाशी, तेही सांगत नाही.

हा विषय शिक्षकांच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यातल्या हजारो शिक्षकांना एका रात्रीत चित्रणकार व्हावे लागले. तेव्हापासून पाठांचे चित्रण हा शाळेच्या कामाचाच भाग झाला आहे. शाळा कॅमेरे विकत घेतात, अकरावी-बारावीची मुले संकलनाची सॉफ्टवेअर सराईतपणे चालवतात आणि ही सारी परिभाषा घडाघडा बोलतात. ती मुले वर्गात 'राशी, एकक, मापनपद्धती' शिकतात आणि वर्गाबाहेर या तिन्हींना बगल देणारी भाषा आत्मसात करतात. म्हणून ही परिभाषा तपासून पाहणे गरजेचे आहे. ती सगळीच टाकाऊ आहे असे मात्र मुळीच नाही. काही शब्द चांगले आहेत, काही केवळ म्हातारे झाले आहेत आणि काही सरळसरळ दिशाभूल करतात.

दिशाभूल करणाऱ्यांत 'ड्रॉप फ्रेम' या शब्दाचा मान पहिला. चित्रणातील प्रत्येक चौकटीला, म्हणजे फ्रेमला, तास : मिनिट : सेकंद : फ्रेम असा क्रमांक दिलेला असतो. त्याला टाइमकोड म्हणतात. अमेरिकेत कृष्णधवल दूरचित्रवाणी सेकंदाला ३० फ्रेम दाखवीत असे. १९५३ मध्ये तेथे रंगीत प्रक्षेपणाची पद्धत मंजूर झाली तेव्हा एक अडचण आली. रंगाची माहिती वाहणारी लहर आणि ४.५ मेगाहर्ट्झवरची ध्वनीची लहर यांच्या परस्परक्रियेमुळे चित्रावर नक्षी उमटू लागली. ध्वनीची वारंवारता हलवावी, तर घरोघरचे जुने संच बिघडल्यासारखे वागले असते. म्हणून अभियंत्यांनी चित्राचा वेगच किंचित कमी केला. ४५,००,००० ला २८६ ने भागले की सेकंदाला १५,७३४.२६ रेषा मिळतात आणि त्यांना एका फ्रेममधील ५२५ रेषांनी भागले की २९.९७ फ्रेम. हा भागाकार मुलांकडून अवश्य करून घ्यावा. हा विचित्र आकडा कोठून आला याचे उत्तर त्यांना स्वतःच्या वहीत सापडेल.

आता गंमत पाहा. टाइमकोड मोजतो ३० फ्रेमचा एक सेकंद, पण प्रत्यक्षात सेकंदाला येतात २९.९७. खऱ्या एका तासात १,०७,८९२ फ्रेम होतात, तर टाइमकोडच्या तासाला १,०८,००० लागतात. खरा तास संपतो तेव्हा टाइमकोडचे घड्याळ ५९ मिनिटे ५६ सेकंद १२ फ्रेमवरच असते. प्रक्षेपण केंद्राला ३.६ सेकंदांची ही तफावत परवडत नाही. उपाय असा काढला की प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळायचे. मात्र ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० या मिनिटांना वगळायचे नाहीत. म्हणजे तासात ५४ मिनिटांना दोन-दोन क्रमांक, एकूण १०८. हिशेब जुळला. शतकी वर्षांना लीप वर्षातून गाळायचे, पण ४०० ने भाग जाणाऱ्यांना गाळायचे नाही, असा जो नियम आपण कालगणनेत शिकवतो, त्याच घाटाची ही युक्ती आहे.

युक्ती सुरेख, पण नाव? 'ड्रॉप फ्रेम' असे म्हटले की कोणालाही वाटणार, फ्रेम गाळल्या. एकही फ्रेम गाळलेली नसते, गाळलेले असतात ते क्रमांक. आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्या कोणत्याही आजीला हे समजावून सांगावे लागणार नाही. ज्या तिथीला सूर्योदय लाभत नाही तिचा क्षय होतो. द्वितीयेनंतर एकदम चतुर्थी येते, पण म्हणून कोणी वार बुडाला असे म्हणत नाही. मंगळवारनंतर बुधवारच येतो. या संकेताला मराठीत 'गळित चौकट' असे शब्दशः नाव दिले तर इंग्रजीतली चूक आपण कायम करून ठेवू. 'क्षयांक टाइमकोड' म्हटले तर अर्थ बरोबर पोहोचेल. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि १९८२ साली आपल्याकडे आलेली रंगीत दूरचित्रवाणी सेकंदाला २५ फ्रेमची होती. त्यामुळे ही भानगड मुळात आपली नाही. परंतु संकलनाचे सॉफ्टवेअर 'ड्रॉप की नॉन-ड्रॉप' असे विचारते आणि आपला विद्यार्थी घाबरून 'नॉन-ड्रॉप' निवडतो. काही गमावायला नको, एवढाच त्याचा विचार असतो. नावाने केलेली फसवणूक ती हीच.

दुसरा आरोपी '४:२:०'. त्यामागचे विज्ञान मोठे मनोहर आहे. आपला डोळा उजेड-अंधारातला बारीक फरक जितका टिपतो तितका रंगातला टिपत नाही. म्हणून लाल, हिरवा, निळा अशी तीन चित्रे साठवण्याऐवजी एक उजेडाचे चित्र आणि दोन रंगफरकांची चित्रे साठवतात. उजेडाच्या चित्रात हिरव्याचा वाटा ०.५८७, लालचा ०.२९९ आणि निळ्याचा अवघा ०.११४ धरलेला असे. हे गुणक जुन्या मानकातले. पुढे ते थोडे बदलले. रंगफरकांची चित्रे कमी तपशिलात ठेवली तरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

१९८२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर डिजिटल दूरचित्रवाणीचे पहिले मानक ठरले. त्यात उजेडाचे नमुने सेकंदाला १ कोटी ३५ लाख, म्हणजे १३.५ मेगाहर्ट्झने घ्यायचे आणि प्रत्येक रंगफरकाचे त्याच्या निम्म्याने, असे निश्चित झाले. हा आकडा निवडण्यात मोठा शहाणपणा होता. अमेरिकी पद्धतीच्या एका रेषेत त्याचे बरोबर ८५८ नमुने बसतात आणि आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत बरोबर ८६४. दोन्हीकडे पूर्णांक. दोन्हीत प्रत्यक्ष चित्राचे नमुने ७२०च. दोन खंडांतील भांडण एका सामाईक विभाज्याने मिटवले! लसाविचा इतका चांगला उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. १३.५ म्हणजे ३.३७५ ची चौपट, म्हणून 'चार'. रंगफरक त्याच्या निम्मे, म्हणून 'दोन, दोन'. येथवर सारे शिस्तीत आहे.

मग '४:२:०' आले. आधीचा नियम लावला तर याचा अर्थ 'दुसरा रंगफरक शून्य, म्हणजे नाहीच' असा होतो. तसे असते तर चित्रातील रंगांची एक अख्खी दिशाच नाहीशी झाली असती. प्रत्यक्षात दोन्ही रंगफरक असतात. फक्त आडव्याप्रमाणे उभ्या दिशेनेही ते निम्मे केलेले असतात. नावातले शून्य शून्य नाही. आधीच्या संकेतात उभ्या दिशेला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून कोणीतरी ते तेथे चिकटवले. चार पिक्सेल रुंद आणि दोन उंच असा तुकडा घेऊन मोजा : ४:४:४ मध्ये ८+८+८ म्हणजे २४ आकडे, ४:२:२ मध्ये ८+४+४ म्हणजे १६, ४:२:० मध्ये ८+२+२ म्हणजे १२. मराठीत यांना पूर्णरंग, अर्धरंग आणि पावरंग म्हणावे असे मी सुचवतो. ४:१:१ नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्यातही रंग पावच असतो पण आडव्या दिशेने कापलेला. त्याला 'आडवा पावरंग' म्हटले की काम भागते. पाव हा शब्द बेकरीची आठवण करून देईल, ही सबब मला मान्य नाही. पावशेर आणि पावणेदोन आपण रोज म्हणतो.

ही केवळ शब्दांची हौस नाही. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेले बारीक अक्षर समोर बसलेल्या मुलाला वाचता येते, पण चित्रणात ते मातकट आणि फुसके दिसते. लाल आणि हिरवा यांच्या उजेडात फारसा फरक नसतो. सारा भेद रंगात असतो, आणि मोबाइलने रंग पाव केलेला असतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या खडूचे अक्षर उजेडाच्या चित्रातून जाते, म्हणून ठसठशीत उमटते. 'पावरंग' हे नाव माहीत असलेला शिक्षक आपण होऊन खडू बदलेल. '४:२:०' माहीत असलेला बहुधा महाग कॅमेऱ्याची मागणी करील.

'४के'बद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तेथे गुंतागुंत कमी आणि चलाखी जास्त आहे. पूर्वी चित्राचे नाव उभ्या दिशेच्या ओळींवरून पडे : ७२०, १०८०. पुढची पायरी २१६० ओळींची होती. तिला '२१६०' न म्हणता आडवे पिक्सेल मोजून '४के' म्हटले गेले. हा शब्द चित्रपटगृहांसाठीच्या २००५ सालच्या तपशिलातून आला. तेथे रुंदी ४०९६ होती, म्हणजे १०२४ ची चौपट. घरच्या संचाची रुंदी ३८४० आहे, म्हणजे ती चार हजारही नाही. मोजण्याची दिशा बदलली आणि ग्राहकाला १०८० वरून थेट ४००० वर गेल्यासारखे वाटले. पिक्सेल मात्र खरोखर चौपट झाले, २०,७३,६०० चे ८२,९४,४००. म्हणजे खरे सांगूनही माल खपला असता. आणखी एक बाब. एकच सेन्सर असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूवर तिन्ही रंग मोजले जात नाहीत. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली ज्याचे पेटंट मिळाले त्या रचनेत निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल आणि पाव निळा मोजतात. उरलेले दोन-तृतीयांश आकडे शेजाऱ्यांवरून अंतर्वेशनाने भरलेले असतात. अंतर्वेशन ही प्रतिष्ठित गणिती क्रिया आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही. मग खोक्यावर तिचा उल्लेख का नसतो?

त्यातच, आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत हजारासाठी लहान लिपीतले 'के' अक्षर आहे आणि मोठे 'के' केल्व्हिनसाठी राखलेले आहे. त्या हिशेबाने '४के' म्हणजे द्रवरूप हेलियमच्या आसपासचे तापमान! हा विनोद म्हणून सोडून दिला असता, पण त्याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर '५६००के' असेही झळकत असते आणि तेथे 'के' खरोखर केल्व्हिन असतो. दिवसाच्या उजेडासाठी ५६००, जुन्या तारेच्या दिव्यासाठी ३२००. हे रंगतापमान. ही कल्पना उत्तम आहे : तापवलेली वस्तू ज्या तापमानाला ज्या रंगाने उजळेल, त्या तापमानाने तो रंग ओळखायचा. भात्याजवळ बसलेला लोहार हे जाणतो. लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होते. पण चित्रणकार ३२०० ला 'उबदार' म्हणतात आणि ५६०० ला 'थंड'. जास्त तापलेले ते थंड! चित्रकलेतले शब्द भौतिकीत घुसले की असे होते. शिवाय एलइडी दिवा किंवा ट्यूबलाइट त्या तापमानाला तापलेली नसतेच. 'तिच्या रंगाच्या सर्वांत जवळचा तप्त वस्तूचा रंग' एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आणि कॅमेऱ्यावर आकडा वाढवला तर चित्र निळे न होता पिवळे होते, कारण कॅमेरा समोरचा निळेपणा वजा करीत असतो. वर्गात या एका गोष्टीवर एक तासिका सहज रंगेल.

इंचाचे प्रकरण तर केवळ वारसाहक्काचे आहे. 'एक इंची' सेन्सर १३.२ मिलिमीटर रुंद आणि ८.८ उंच असतो; कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. २५.४ चा कोठेच पत्ता नाही. जुन्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारी काचेची नळी असे. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच आणि आतला कामाचा भाग तेवढा लहान. नळी गेली, नाव उरले. अर्धा इंची पाइप मोजून पाहणाऱ्याला जो अनुभव येतो, तोच येथे.

पण जुने नाव म्हणजे वाईट नाव असे समीकरण मला मान्य नाही. 'शटर अँगल' हा शब्द पाहा. फिल्मच्या कॅमेऱ्यात फिरती चकती असे आणि तिच्या उघड्या भागाचा कोन अंशांत मोजत. आजच्या कॅमेऱ्यात चकती नाही, तरी '१८० अंश' टिकून आहे आणि ते योग्यच आहे, कारण तो कोन म्हणजे गुणोत्तर आहे : एका फ्रेमच्या वेळेपैकी किती वेळ प्रकाश आत घेतला. सेकंदाला २५ फ्रेम आणि १८० अंश म्हणजे १/५० सेकंद. आपल्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० सेकंदात बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि चित्र स्थिर येते. २४ फ्रेमवर चित्रण करायचे असेल तर कोन किती हवा? ३६० गुणिले २४ भागिले ५०, म्हणजे १७२.८ अंश. हा वेडावाकडा आकडा कॅमेऱ्यांच्या यादीत खरोखर असतो आणि त्याचे कारण तुमच्या भिंतीवरच्या स्विचमध्ये आहे. जो शब्द असा हिशेब करू देतो तो चांगला शब्द.

'स्टॉप'ही तसाच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. १४ स्टॉप म्हणजे २ चा चौदावा घात, १६,३८४ पट. '१० बिट' म्हणजे १०२४ पायऱ्या. हे दोन आकडे एकाच खोक्यावर वाचून मुले गोंधळतात, पण एक आकडा जिन्याची उंची सांगतो, दुसरा पायऱ्यांची संख्या. पायऱ्या प्रकाशाच्या सम प्रमाणात वाटल्या तर सर्वांत वरच्या एका स्टॉपलाच ५१२ जातात, पुढच्याला २५६, आणि खाली सावल्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून लॉगॅरिदमने वाटतात. प्रत्येक स्टॉपला जवळपास ७३. 'लॉग' हे नाव म्हणूनच प्रामाणिक आहे. लॉगटेबलाचा काय उपयोग, असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर द्यावे. स्टॉपच्या शब्दात दोष नाही, दावा करणाऱ्यात आहे. अंधाराकडची मोजणी कोठे थांबवायची हे सेन्सरमधील खरखर किती सहन करायची यावर ठरते, आणि ती मर्यादा ज्याने त्याने सोयीची निवडलेली असते.

खरा राग येतो तो 'व्हिज्युअली लॉसलेस' या जोडशब्दाचा. 'लॉसलेस' या शब्दाला गणितात कडक अर्थ आहे : दाबलेली माहिती उलगडली की मूळचा प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. त्याच्यामागे 'व्हिज्युअली' लावले की अर्थ होतो, 'माहिती गेली आहे, पण तुम्हाला दिसणार नाही'. विशेषणाने नामाचा गळा घोटल्याचे इतके निर्लज्ज उदाहरण विरळा. माहिती गाळावी लागते याबद्दल तक्रार नाही. १० बिट, अर्धरंग, १९२० गुणिले १०८० आणि २५ फ्रेम यांचा गुणाकार केला तर सेकंदाला १०३ कोटींहून अधिक बिट होतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेला २७२ गिगाबाइट. मोबाइल तीच तासिका सेकंदाला २५ मेगाबिटने साडेसहा गिगाबाइटमध्ये बसवतो. एवढे गाळूनही पाठ समजतो, हे कोडेक लिहिणाऱ्यांचे कौतुकच. पण कोणाला दिसणार नाही, किती अंतरावरून, कितव्यांदा नक्कल केल्यावर? ज्या दाव्यात निरीक्षक आणि परिस्थिती सांगितलेली नाही, त्याला प्रयोगवहीत आपण काय शेरा देतो? 'रॉ' या शब्दाची गत फारशी वेगळी नाही. कच्चा माल म्हणून विकली जाणारी अनेक चित्रणे आधीच दाबलेली असतात. कच्चा म्हणावा असा त्यात फक्त रंग असतो, कारण ते अंतर्वेशन पुढे ढकललेले असते.

शेवटी एक शब्द असा, की ज्याच्याबद्दल माझे मत अजून दोलायमान आहे : 'रोलिंग शटर'. तेथे काही गडगडत नाही आणि बहुधा शटरही नसते. सेन्सरच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात, एवढेच. पण गुंडाळी उलगडत जावी तसे चित्र नोंदले जाते, ही प्रतिमा बरोबर आहे, आणि मोबाइल असलेल्या कोणालाही तिची परीक्षा घेता येते. सहलीच्या बसमधून खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबांचे चित्रण करावे. फोन आडवा धरला तर जवळचे खांब तिरके दिसतात. फोन उभा धरला तर ते सरळच राहतात, पण जाड किंवा बारीक होतात. आणि बस परतीच्या वाटेवर असताना त्याच खिडकीतून, फोन उलटा करून पुन्हा पाहावे.